मेहुण्याची फ्लॉपी आणि सांगलीची यादी

शहाऐंशी माणसांचे डोळे मी एका फटक्यात अदलाबदल केले, ही माझ्या कॉम्प्युटरच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी. उजव्याचा नंबर डाव्याला, डाव्याचा उजव्याला. एखाद्या डॉक्टरला हे जन्मभर जमलं नसतं. मला जमलं, कारण मदतीला माझा मेहुणा होता.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. विश्रामबागेत एका कॉलेजसमोरच्या गाळ्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक करकरणारा प्रिंटर आणि दारात 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. त्या काळी कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही असा लोकांचा समज होता. तो मी मुद्दाम जपला होता, कारण चपला काढून आत आलेला माणूस जरा नम्रपणे बोलतो. गिऱ्हाईक मला एकच होतं, सांगलीतला चष्म्याच्या काचा घासणारा कारखाना. 'कारखाना' हा शब्दही माझाच. मालक त्याला 'आमचं शेड' म्हणायचे.

तिकडे साताऱ्यात एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना होता. ते खेडोपाडी शिबिरं घेत, डोळे तपासत आणि कुणाला कुठला नंबर लागला ते सांगलीच्या शेडला कळवत. शेडमध्ये काचा घासल्या जायच्या, फ्रेममध्ये बसायच्या आणि तयार चष्मे साताऱ्याला परत जायचे. आधी हे सगळं डॉक्टरांच्या हस्ताक्षरात चालायचं, आणि ते हस्ताक्षर वाचायला शेडमालकांनी एक माणूस खास पदरी बाळगला होता. मग ट्रस्टनं कॉम्प्युटर घेतला. साताऱ्याचा प्रोग्राम लिहिला माझ्या बायकोच्या धाकट्या भावानं. तो तिथंच नोकरीला होता. सांगलीचा प्रोग्राम लिहिला मी. त्याच्या प्रोग्रामनं नंबरांची फाईल फ्लॉपीवर उतरवायची, फ्लॉपी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि माझ्या प्रोग्रामनं ती वाचून शेडसाठी चिठ्ठ्या छापायच्या. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत होते म्हणा ना, फक्त मध्ये कऱ्हाडला चहाला थांबून.

आता त्या फाईलमध्ये काय कुठं असणार, हे ठरलं कुठं? सासुरवाडीला, पंगतीत. मटणाचा दुसरा रस्सा येत असताना मेहुणा म्हणाला, "दाजी, आधी चिठ्ठी नंबर, मग नाव, गाव, वय, मग उजवा डोळा, मग डावा. चालंल न्हवं?"

मी म्हणालो, "चालेल की."

झाला करार. मला एकदा वाटलं होतं की हे कागदावर घ्यावं. माझा डावा हात खिशातल्या पेनापर्यंत गेलाही होता. सासऱ्यांनी ते पाहिलं. "घरच्या घरात कागद कसला, पाव्हणं? रस्सा घ्या." आमच्या भागात सोयरिकीत एकदा अक्षता पडल्या की लिहून मागणं म्हणजे संशय घेणं. जावयानं मानानं जेवावं, मान डोलवावी आणि विश्वास ठेवावा. मी तिन्ही केलं. रस्सा चांगला होता.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं. शेडमालक मला 'इंजिनिअरसाहेब' म्हणू लागले. मी इंजिनिअर नव्हतो, पण त्यांचा आनंद हिरावून घ्यायला मला जिवावर आलं.

आणि एका बुधवारी दुपारी दुकानात एक उंच गृहस्थ आले. पाटी वाचूनही बुटांसकट आत आले, कारण पाटी फक्त चपलांची होती. ताठ कणा, पिळलेल्या मिशा आणि नाकावर उलटा चष्मा. उलटा म्हणजे शब्दशः उलटा. काड्यांची वाकडी टोकं कानामागे उतरायच्या ऐवजी आभाळाकडे बघत होती आणि चष्मा घसरू नये म्हणून डोक्यामागून सुतळी बांधलेली होती.

"चष्मा उलटा घातलाय तुम्ही," मी म्हणालो. हे माझं पहिलं तांत्रिक निदान.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "सरळ घातला की तुमच्या तोंडाचा ढग हुतोय. उलटा घातला की तोंड दिसतंय." माझ्याकडे नीट बघून पुढे म्हणाले, "ढग बरा हुता."

ते निवृत्त हवालदार होते. साताऱ्याजवळच्या गावात शिबिरात डोळे तपासलेले. उजवा डोळा उणे तीन, डावा ठणठणीत. "आन् चष्म्यात जाड काच डावीकडं. पलटणीत दुर्बिणी साफ करायचो मी, साब. काच हाताला कळती. तुमच्या त्या शेडात गेलो, तर म्हणालं इंजिनिअरसाहेबास्नी भेटा. कुठायत?"

"मीच."

"व्हय का," ते म्हणाले, आणि आपल्या बुटांकडे बघून दारातल्या माझ्या चपलांकडे बघितलं.

खरी गोष्ट पुढची होती. शिरवळच्या एका कारखान्यात गेटवर एक जागा निघाली होती. पुढच्या मंगळवारी डोळ्यांची तपासणी. "तीन वर्सं झाली घरी येऊन. मालकीण मला शेंगा सोलाय बसवती. गावात कुणी आलं की म्हणतंय, काय हवालदार, आज कुठली भाजी? ही एकच जागा हाय, साब. नापास झालो की माझ्या मागं दुसरा उभाच हाय."

"मग शेडमध्ये सांगा ना, काचा बदलून देतील."

"म्हणालो की. म्हणतात, ट्रस्टचा नेम हाय. पेशंटाच्या तोंडी नंबरावर काच घासायची न्हाई. सातारची नोंद तुमच्या चिठ्ठीतनं बरोबर आली, तरच घासायची."

म्हणजे हवालदारांचा मंगळवार माझ्या हातात होता. माझ्या आणि मेहुण्याच्या.

समोरच्या एसटीडी बूथवरून साताऱ्याला फोन लावला. हवालदार बूथच्या काचेला नाक लावून बाहेर उभे राहिले, उलट्या चष्म्यातून माझ्यावर पहारा देत.

"अरे, फाईलमध्ये काही बदललंस का?"

"न्हाई हो, दाजी."

"काहीच नाही?"

"काहीच न्हाई. फक्त स्क्रीन जरा नीट केली. डावा डोळा डावीकडं, उजवा उजवीकडं. लोकास्नी कळाय सोपं. डॉक्टर लय खूश झालं."

"आणि फाईल?"

"फाईल स्क्रीनपरमानं निघती की."

मी डोळे मिटले. माझा प्रोग्राम आकडा मोजून घ्यायचा: पाचवा तो उजवा, सहावा तो डावा. पाचव्या जागी आता डावा बसला होता, आणि माझा प्रोग्राम त्याला आदरानं उजवा म्हणत होता. बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर थोडेफार सारखे, म्हणून कुणी ओरडलं नव्हतं. आणि ज्यांना दिसेना, त्यांनी 'फुकटातला चष्मा, असाच असणार' म्हणून तो खिडकीत ठेवून दिला असावा.

"अरे, मला सांगायचं नाही का?"

"लिवलंय की, दाजी! फाईलीच्या पयल्या ओळीत. कुठल्या जागी काय हाय, सगळं."

आता पहिली ओळ माझा प्रोग्राम वाचत नव्हता. ती सोडून द्यायची, असं मीच लिहिलं होतं. त्यात आकडे नव्हते, मग वाचून करायचं काय? हे मी हळूच सांगितलं.

"मग आमी ती लिवतोय कुणासाठी?" मेहुणा म्हणाला.

मी जावयाच्या मानाला शोभेल असा आवाज काढला. "बरं, मी बघतो," म्हणालो. "न्हाई न्हाई, तुमी कशाला तरास घेता? मी बघतो," तो म्हणाला. "अरे, राहू दे." "असू द्या, दाजी." दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करणाऱ्या पाहुण्यांसारखं आम्ही दोघं बराच वेळ केलं आणि फोन ठेवला.

आणि मग दोघांनीही बघितलं. दाजींना कमीपणा नको म्हणून त्यानं डोळे होते तसे परत उजवा आधी, डावा मागे केले. मेहुण्याला बोल नको म्हणून मी माझा प्रोग्राम बदलून डावा आधी, उजवा मागे केला. दोघांनीही एकमेकांना कळवलं नाही. चांगुलपणा काय सांगून करायचा असतो? गुरुवारी त्याची नवी फ्लॉपी आली, शुक्रवारी शेडनं रीतसर काचा घासल्या आणि शनिवारी सकाळी हवालदार चष्मा न्यायला आले. शेडमालक हार आणायचे तेवढे बाकी होते.

हवालदारांनी चष्मा घातला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग शांतपणे चष्मा काढला, उलटा केला, परत घातला.

"तीस दिवसांचा म्हयना हाय," ते म्हणाले. "आता दिसला."

शेडमालक माझ्याकडे वळले. 'इंजिनिअरसाहेब' गेलं ते तेव्हाच. "अहो, काय हे?" ते म्हणाले. "सोमवारी सकाळी मी मशीन लावतो. त्यानंतर मंगळवारपर्यंत काही होत नाही. तिसऱ्यांदा घासायचं तर पक्कं सांगा."

मी पुन्हा बूथ गाठला. दोघांचा चांगुलपणा उघडकीला आला. "मग मी परत बदलतो," मेहुणा म्हणाला. "नको, मी परत बदलतो," मी म्हणालो, आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकून ओरडलो, "थांब! कुणीही काहीही परत बदलू नका!" बूथवाल्यानं दार उघडून विचारलं, घरात काही वाईट झालंय का. मी म्हणालो, सासुरवाडीचा फोन आहे. त्यानं समजून मान हलवली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना भावाची चूक जरा ठळक केली आणि माझी पहिली ओळ जरा पुसट. ती कणीक मळत होती. मळता मळता म्हणाली, "आपल्या लग्नाची यादी आठवते?"

आठवते म्हणजे काय! लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी बसून यादी करतात, कुणी काय करायचं याची. माझ्या थोरल्या काकांनी आमच्या बाजूनं दोन फुलस्केप पानं भरली होती.

"तुमच्याकडच्यांना काय लागतं ते तुमच्याकडच्यांनीच लिहून दिलं होतं," ती म्हणाली. "आत्याबाईंना बिनसाखरेचा चहा. वऱ्हाडाच्या खोलीत पंखा. आणि आमच्या दादांनी लग्नाच्या सकाळी, तुमची गाडी यायच्या आधी, एकेका ओळीवर खूण केली. पंखा लावून बघितला. चहा चाखून बघितला. अंदाजानं केलं असतं तर आत्याबाईंना पेढेच मिळाले असते."

"पण ते लग्न. हा प्रोग्राम."

"यात वऱ्हाड तुम्ही. घेणारे तुम्ही. काय लागतं ते लिहून द्या, आणि एसटी सुटायच्या आधी त्यानं खुणा करायच्या. तुमच्या पोटात काय चालतं हे त्याला कसं कळणार?"

मी तडक वही घेऊन बसलो आणि फाईलमधलं झाडून सगळं लिहून काढलं. तिनं पिठाच्या हातानं वही ओढली.

"गावाचं नाव कशाला? छापता तुम्ही चिठ्ठीवर?"

"नाही."

"वय?"

"नाही, पण असावं म्हणून…"

"तुमच्या काकांनी दोन सनईवाले लिहिले होते, असावेत म्हणून. एक दिवसभर मांडवाच्या मागं झोपला होता. लागतं तेवढंच लिहा. बाकीचं त्याचं घर आहे, तो बघेल."

यादी चार ओळींवर आली: चिठ्ठी नंबर, नाव, उजवा डोळा, डावा डोळा, पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या जागी. आणि एक अट, की कुठलीच जागा रिकामी नको. पण नुसत्या वहीवर माझा विश्वास नव्हता. मेहुणा वही वाचून 'हो हो' म्हणाला असता. मी रस्सा खाताना म्हणालो होतो तसंच. म्हणून मी यादीचाच एक छोटा प्रोग्राम केला. त्यात दोन खोटे पेशंट. साताऱ्यात ते नेहमीसारखे स्क्रीनवर भरायचे, फाईल काढायची, आणि माझा तपासनीस ती फाईल उघडून बघणार: सांगलीला जे लागतं ते लागतं तिथं आहे का? पहिल्या पेशंटचे दोन्ही डोळे मी उणे दोन धरले होते. बायको म्हणाली, "दोन्ही सारखे असले तर अदलाबदल झालेली कळणार कशी?" दुसरा पेशंट मग मी हवालदारांवरून बेतला: उजवा उणे तीन, डावा शून्य.

साताऱ्याला निघायच्या आधी तीच यादी मी माझ्या प्रोग्रामवर लावून बघितली. खोट्या पेशंटची फाईल त्याला खायला दिली. त्यानं शांतपणे डोळे उलटे छापले. अर्थात! मीच बदलला होता. म्हणजे यादीत नापास होणारा पहिला माणूस मीच. प्रोग्राम परत पहिल्यासारखा केला, पण हे मी साताऱ्यात सांगितलं नाही.

परवा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेली माझी मुलगी सांगत होती की यालाच त्यांच्याकडे 'कन्झ्युमर-ड्रिव्हन कॉन्ट्रॅक्ट टेस्टिंग' म्हणतात. एकाची सेवा दुसरा वापरतो, तेव्हा वापरणाऱ्यानं आपल्याला नेमकं काय लागतं ते नमुन्यासकट लिहून द्यायचं, आणि देणाऱ्यानं काहीही बदललं की आधी त्या नमुन्यांतून पार पडायचं. त्याची मोठमोठी शिबिरं भरतात म्हणे. मी म्हणालो, तुझ्या आईला बोलवा. ती म्हणाली, बाबा, तुम्ही विषय बदलू नका.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी आणि हवालदार साताऱ्याला गेलो. मी त्यांना यायची गरज नाही म्हणालो होतो. ते म्हणाले, "तुमी दोघं एका खोलीत, आन् बघाय कुणी न्हाई? न्हाई जमायचं."

दवाखान्याला सुट्टी होती. मेहुण्यानं कुलूप काढलं, चहा मागवला, आणि मी पिशवीतून यादीची फ्लॉपी काढल्यावर त्याचा चेहरा उतरला. "दाजी, म्हणजे माझी परीक्षा घ्यायला आलाय?"

"तुझी नाही रे. फाईलची."

"फाईल मी लिवतो, मग परीक्षा कुणाची?"

हवालदार म्हणाले, "आवं, पलटणीत बंदूक रोज तपासत्यात. सैनिकाला राग येत न्हाई. आला तर सांगत न्हाई."

मेहुण्यानं तोंड वाकडं करून दोन्ही खोटे पेशंट भरले, फाईल काढली, तपासनीस चालवला. पहिला पेशंट पास. दुसऱ्यावर स्क्रीन थांबली. 'डावा डोळा: हवा शून्य. मिळाले: काही नाही.'

"हे काय?" मी विचारलं.

मेहुणा मान खाजवू लागला. "त्ये… शुक्रवारी डॉक्टर म्हणालं, सगळीकडं शून्य शून्य बघून डोकं दुखतंय. मग जिथं नंबर न्हाई, तिथं मोकळं सोडाय लागलो. मोकळं म्हंजे शून्यच की, दाजी!"

त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं. माझा प्रोग्राम मात्र मोकळी जागा दिसली की ती ओलांडून पुढच्या ओळीतला आकडा उचलायचा, हे मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. सोमवारी घासलेला हवालदारांचा डावा डोळा पुढच्या पेशंटच्या चिठ्ठी नंबराचा झाला असता.

"म्हंजे," हवालदार हळूच म्हणाले, "माझा चांगला डोळाच ह्यांनी खाल्ला व्हय?"

मेहुण्यानं कीबोर्ड पुढे ओढला. स्क्रीनवर जागा मोकळी ठेवली, डॉक्टरांसाठी. फाईलमध्ये शून्य घातलं, सांगलीसाठी. पुन्हा पेशंट भरले, पुन्हा फाईल काढली. 'यादी पूर्ण' असं आलं. त्यानं स्वतःहून आणखी एकदा चालवून बघितलं.

मग यादीचा कागद हातात घेऊन त्यानं एकेका ओळीवरून बोट फिरवलं. "दाजी, ह्यात गाव न्हाई."

"मला लागत नाही."

"मग गावाच्या रकान्याचं मी कायबी केलं तरी चालंल? तालुका जोडला, लांब केला, वयाच्या मागं नेला?"

"खुशाल. तपासनीस अडवत नाही तोवर तुझं घर आहे."

त्याचा चेहरा उजळला. सहा महिने तो मला भिऊन त्या रकान्याला हात लावत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी त्याच्या रागाच्या भीतीनं विचारत नव्हतो आणि तो माझ्या मोठेपणाच्या. पुढे दवाखान्याच्या ऑफिसकडूनही त्यानं त्यांना काय लागतं त्याची यादी मागून घेतली. त्यांना गाव लागत होतं, डोळे लागत नव्हते. त्या यादीचाही त्यानं तपासनीस केला आणि काही बदललं की दोन्ही चालवायचा.

पक्की फ्लॉपी त्या दिवशी मी कंडक्टरकडे दिली नाही. शर्टाच्या आतल्या खिशात घालून स्वतः घेऊन आलो. सोमवारी सकाळी मशीन लागलं. शेडमालकांनी सगळ्यांत आधी हवालदारांची चिठ्ठी काढली. दुपारी ते चष्मा घालून शेडच्या दारात उभे राहिले, आधी डावा डोळा हातानं झाकला, मग उजवा, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या पाट्या वाचत सुटले. काही पाट्या फारच खासगी आजारांच्या होत्या. त्याही त्यांनी मोठ्यानं वाचल्या. सुतळी मला दिली.

मंगळवार गेला. बुधवारही गेला. मधल्या काळात बाकीच्या पंच्याऐंशींचे चष्मे परत मागवायची पत्रं मी आणि बायकोनं हातानं लिहिली. सासऱ्यांनी साताऱ्यात सगळीकडे सांगितलं की सांगलीचा घोळ आमच्या पोरानं निस्तरला. मी जावई असल्यामुळे मान डोलवली.

पुढच्या आठवड्यात बूथवाला धावत आला. "तुमचा फोन. शिरवळवरनं."

मी धावलो. पलीकडे ट्रकचा भोंगा आणि त्यावर चढलेला आवाज. "साब, पास! दोन्ही डोळं येगळं येगळं वाचून दावलं. डॉक्टर म्हणला, एवढा साफ चष्मा कुठं केला? म्हणलो, लय लांबची गोष्ट हाय."

"अभिनंदन, हवालदार! आता…"

"आता बोलाय येळ न्हाई. गाडी आलीया, पास तपासायचाय," ते म्हणाले. "ड्यूटीवर हाय. ठेवतो."